मुलांसाठीचा पॉप-अप तंबू: सावली खरी, पण अर्धीच

आधी निकाल सांगून टाकतो. चार वर्षांची नात आणि नऊ महिन्यांचा नातू यांना घेऊन उन्हाळ्यात दिवसभर बाहेर जायचं असेल, तर हा तंबू जरूर घ्यावा. फक्त ज्या कारणासाठी तो विकला जातो, त्या कारणासाठी घेऊ नये. वेष्टनावर ठसठशीत अक्षरांत छापलंय, 'यूपीएफ ५०+, उन्हापासून संपूर्ण संरक्षण'. यातला आकडा मला मान्य आहे, 'संपूर्ण' नाही.

यूपीएफ हे माप कापडाचं. ५० म्हणजे कापडावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी पन्नासावा हिस्सा, म्हणजे २ टक्के, आत येतो. कापड म्हणून हे उत्तमच. आमच्या तंबूचं पॉलिस्टर आतून चंदेरी मुलाम्याचं आहे, दिव्यासमोर धरलं तरी पलीकडचं काही दिसत नाही. पण तंबूची पुढची बाजू सताड उघडी, आणि हे किरण काही फक्त सूर्याकडूनच सरळ येत नाहीत. आकाशातून चहूबाजूंनी विखरून येतात. कोरड्या वाळूवरून साधारण १५ टक्के उलटे फिरतात, लाटांच्या फेसावरून २५ टक्क्यांच्या आसपास, गवतावरून त्याहून बरेच कमी. त्यामुळे हाच तंबू बागेत जितकं काम करतो तितकं समुद्रकिनारी करत नाही.

नुसत्या सावलीवर किती भिस्त ठेवायची याचा एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका तलावाकाठी भर दुपारी साडेतीन तास लोकांना बसवलं. काहीजण फक्त मोठ्या छत्रीखाली, बाकीचे एसपीएफ १०० चं (एसपीएफ हे सनस्क्रीनच्या ताकदीचं माप) सनस्क्रीन लावून उन्हात. छत्रीवाल्यांपैकी ७८ टक्क्यांची कातडी कुठे ना कुठे भाजली, सनस्क्रीनवाल्यांपैकी २५ टक्क्यांची. म्हणजे दोन्हीपैकी एकावर विसंबून भागत नाही. तंबू तीन बाजूंनी बंद असतो, तेव्हा छत्रीपेक्षा उजवा म्हणू. तरी नातीच्या गालांना, मानेला, कानांच्या पाळ्यांना सनस्क्रीन लागतंच. दर दोन तासांनी पुन्हा आणि पाण्यातून आली की लगेच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र डॉक्टर सहसा सनस्क्रीनपेक्षा सावली, अंगभर सुती कपडे आणि टोपी सुचवतात. अशा तान्ह्या बाळासाठी फक्त या तंबूच्या भरवशावर दुपारी वाळूवर जाऊन बसू नका.

आता माझी खरी तक्रार. तंबू तापतो. वारा पडलेला असेल आणि वर झाड नसेल, तर आतली हवा हलत नाही. मी खिशातला थर्मामीटर आत ठेवून पाहिला. शेजारच्या झाडाच्या सावलीपेक्षा पारा स्पष्ट वर होता. मोठ्या माणसाला हे नुसतं कोंदट वाटतं. बाळाचं तसं नाही. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता अंगात लवकर शिरते, आणि 'मला उकडतंय' हे सांगायला त्याच्याकडे रडण्याखेरीज दुसरं काही नाही. झोपलेलं असेल तर तेही नाही. आमच्याकडे म्हणून नियम आहे की नातू आत असला की कुणीतरी मोठं माणूस आत बसणार आणि अधूनमधून त्याच्या मानेला, पाठीला हात लावून बघणार. पुढच्या तोंडावर ओढणी टांगायची नाही. काही आया तसं करताना दिसतात, बाबागाडीवरही दुपटं पांघरतात. हेतू चांगला असतो, पण येणारी झुळूकही त्याने बंद होते.

वाऱ्याचं एक त्रांगडं आहे. आत गारवा हवा तर तोंड वाऱ्याकडे करावंसं वाटतं. पण तोंड वाऱ्याकडे केलं की तंबूचं शीड होतं आणि खुंट्या उपटतात. मी पाठ वाऱ्याकडे ठेवतो आणि मागची जाळीची खिडकी पूर्ण उघडतो, म्हणजे हवा मागून शिरून पुढून निघून जाते. विकत घेताना मागे मोठी जाळी आहे का, हे सगळ्यात आधी बघा. ती नसेल तर यूपीएफचा आकडा कितीही असो, परत ठेवून द्या. आणि शक्य तिथे तंबू झाडाखालीच लावा. झाडाची सावली सरकते, ती तासाभराने कुठे असेल तिकडे आधीच लावायचा.

सोबत आलेल्या खुंट्या म्हणजे बारीक तारा. कडक जमिनीत टिकतात, वाळूत अजिबात नाही. त्याऐवजी बाहेरच्या कडेला जे खिसे शिवलेले आहेत त्यांत ओली वाळू भरायची. नात हे काम स्वतःच्या छोट्या बादलीने करते आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. वेळ लागतो, पण त्या वेळात ती कुठे पळत नाही, हा फायदा मोठाच.

उंची हा माझ्या गुडघ्यांचा विषय. आत रांगत जावं लागतं, आणि मी पाठ ताठ करून बसलो की डोकं छताला लागतं. नातवाला दूध पाजायला आणि त्याचा लंगोट बदलायला लेकीला जागा पुरते. खरं सांगायचं तर तंबूची किंमत इथेच वसूल होते. गर्दीच्या ठिकाणी आडोसा मिळतो, नातवाची दुपारची झोप मोडत नाही, आणि नातीला 'आपलं घर' कुठे आहे हे लांबूनही दिसतं. आमचा भडक पिवळा आहे. लेकीला राखाडी हवा होता. मीच हट्टाने पिवळा घ्यायला लावला. पोर चुकलं तर त्याने काय शोधावं, राखाडी? नातीचा दरारा इतका की वाळूचे पाय घेऊन आत गेलो तर लगेच आतून हुकूम येतो, "आजोबा, चपला बाहेर! पायपण झटका!"

आता घडी. सगळ्या अभिप्रायांत लोक हिच्याच नावाने बोटं मोडतात. उघडणं सोपं: पट्टा सोडला की डिवचलेल्या मांजरासारखा तंबू अंगावर उसळतो, म्हणून मुलांना चार पावलं मागे उभं करायचं आणि आपलं तोंड बाजूला ठेवून तो पुढे फेकायचा. मिटताना मात्र मोठमोठी माणसं रडकुंडीला येतात. माहितीपत्रकातली चित्रं निरुपयोगी आहेत. मी नोकरीत कारखान्याच्या देखभाल विभागात होतो. तिथे बँडसॉचं पातं, म्हणजे लांबलचक पोलादी पट्टीचं कडं, तीन वेटोळ्यांत गुंडाळून ठेवायचो. इथे तेच आहे. आधी तंबूच्या सांगाड्यातल्या सगळ्या तारांची कडी एकावर एक दाबून एकच कडं करायचं. ते उभं धरून वरचं टोक खाली, स्वतःच्या पायांकडे वाकवायचं, आणि त्याच वेळी दोन्ही हात एकमेकांकडे आणायचे. कडं आपसूक तीन वेटोळ्यांत बसतं, व्यास एक तृतीयांश होतो. जोर लावायचा नाही. जोर लावावा लागला तर समजायचं की आधीची कडी नीट जुळलेली नाहीत. घरी दिवाणखान्यात सराव करा. किनाऱ्यावर दमलेली पोरं रडत असताना शिकायची ही गोष्ट नाही.

खाऱ्या हवेतून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचा, चेनवर विशेष लक्ष द्यायचं. ओला मिटला तर वास धरतो, आणि तो वास मग पुढच्या सहलीला आपल्यासोबत येतो.

सोबतच्या पिशवीबद्दल बोलावं तितकं थोडं. घडीच्या मापापेक्षा बोटभर लहान, चेन अर्ध्यावर अडकते. लेकीने जुन्या चादरीची एक सैल थैली शिवली, तिला नाडी लावली. बनवणाऱ्यांनी पुढच्या वेळी एवढं तरी करावं.