विश्वचषकाची पुरवणी: शफाली पहिल्या पानावर, खानापूरची कुस्ती गायब

शहापुरात आमच्या घरी येणाऱ्या मराठी दैनिकाच्या क्रीडा पुरवणीबद्दल लिहितोय. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरमनप्रीतच्या भारतीय संघानं दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं. सामना संपायला मध्यरात्र झाली, तरी सकाळच्या अंकात पूर्ण धावफलक हजर! शफालीच्या 87 धावा, दीप्तीचे 5 बळी, अख्खं पहिलं पान पोरींना. नातीनं ते कापून भिंतीला लावलंय. या कामाला पैकीच्या पैकी गुण.

पण त्याआधीचा आठवडा वाचवेना. ‘महासंग्राम’, ‘रणांगण’, पानोपानी तिरंगा. खेळ कमी, गर्जना जास्त. समोरच्या कर्णधार लॉरा वोल्वार्टनं अंतिम सामन्यात 101 धावा काढल्या, तिला त्या सकाळच्या अंकात जेमतेम एक ओळ. वर्तमानपत्रांचं हे तंत्र जुनंच आहे म्हणा: 1903 मध्ये टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत एका पॅरिसच्या दैनिकानं खप वाढवण्यासाठीच सुरू केली होती.

माझा खरा राग वेगळा. विश्वचषक आला की खानापूरच्या कुस्त्या, वडगावची कबड्डी पुरवणीतून गायब. अहो, 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकात कुस्तीचं कांस्य जिंकणारे खाशाबा जाधवही कराडजवळच्या गोळेश्वरच्या मातीतूनच आले होते ना! आतलं एक पान तालुक्याच्या मैदानांना राखून ठेवा, असं पत्र मी संपादकांना पाठवलंय.