धम्मगिरीचे विपश्यना शिबिर: ताण हलका होतो तो नेमका कशाने?

इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून चालणाऱ्या विपश्यनेच्या, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहण्याच्या ध्यानाच्या, दहा दिवसांच्या शिबिराला बहुतेक जण ताण घालवायला म्हणून जातात, आणि तिथे मुद्दाम ताणात बसवले जाते. राहण्या-जेवणाचे शुल्क नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर कारभार चालतो. पहाटे चारची घंटा, आर्य मौन (बोलणे आणि खुणाही बंद) आणि सायंकाळी नव्या साधकांना केवळ चहा-फळे, एवढी शिस्त अंगवळणी पडते.

खरी कसोटी चौथ्या दिवसानंतर लागते. अधिष्ठानाच्या बैठकीत तासभर हात, पाय किंवा डोळे उघडायचे नसतात. गुडघ्यातली कळ तीच राहते. मात्र ‘आता हा पाय कामातून गेला’ हा तिच्यावर चढलेला विचार हळूहळू सुटा दिसू लागतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मन आधी ‘यात मला धोका आहे का’ आणि मग ‘हे मला पेलवेल का’ असे दोन अंदाज बांधते व त्यांवरून ताणाची तीव्रता ठरते. ही पद्धत शिकवणारे आचार्य सत्यनारायण गोयंका यांची शिबिरात ऐकवली जाणारी ध्वनिमुद्रित प्रवचने यांतल्या पहिल्या अंदाजालाच हात घालतात: जे अनित्य आहे, त्याचा एवढा धसका कशाला?

वारकरी घरातल्या माणसाला इथे एक अडचण जाणवेल. शिबिराच्या काळात जप, पूजा, माळ सारे बाजूला ठेवावे लागते. नामस्मरण दुसरा अंदाज बदलते, कारण ‘पाठीशी कोणी आहे’ या भरवशावर तेच ओझे पेलण्याजोगे वाटते. विपश्यनेत असा आधार नाही. पद्धतींची सरमिसळ टाळण्याचा हेतू मला पटतो, पण ज्याचे मन त्या भरवशावरच उभे आहे, त्याला पहिले काही दिवस पोरके वाटू शकते. ही गोष्ट नोंदणीपूर्वी ठळकपणे सांगितलेली बरी.

गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिर टाळावे, असे संस्थेचे नियमच सांगतात. ते मनावर घ्यावे, कारण ही चिकित्सा नव्हे. घरी परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसणे अपेक्षित असते. लोकलने रोज ये-जा करणाऱ्याला ते कितपत जमेल, याचा विचार नोंदणी करतानाच करावा. पावसाळ्यात जाणार असाल तर कपड्यांचे जोड जास्त घ्या. इगतपुरीत ते वाळत नाहीत.