कुकरचे तीन डबे आणि घरभराचं एकच रात्रीचं जेवण : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पाच लिटरचा उंच घाटाचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, झाकण आतून बसणारं, सोबत एकावर एक बसणारे स्टीलचे तीन डबे. आठ महिने जवळजवळ रोज संध्याकाळी लागतो. जेवणारे पाच : दोन वर्षांचं एक मूल, सहा वर्षांचं एक आणि तीन मोठी माणसं. मुलांसाठी वेगळा स्वयंपाक न करता, मोठ्यांनाही बेचव न खायला लावता, यातून रोजचं जेवण निघतं का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर इथे लिहितो आहोत. निघतं. पण डबे नुसते भरून शिट्ट्या काढल्या तर निघत नाही, म्हणून बारकावे सविस्तर देतो.

मापासाठी वाटी म्हणजे १५० मिलीची. एका डब्यात काठोकाठ सहा वाट्या मावतात, पण भरल्यावर पाण्याची पातळी साडेचार वाट्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. डाळ फुगते, फेस येतो आणि तो खालच्या पाण्यात उतरतो. मग शिट्टीच्या नळीतून पिवळं पाणी उडतं आणि ओटा खराब होतो. तळाशी कुकरची ताटली आणि सव्वादोन ते अडीच वाट्या पाणी. यापेक्षा जास्त घातलं तर खालचा डबा तरंगतो आणि कलंडतो. उकळी आल्यावर आतून खडखड आवाज येऊ लागला की समजावं पाणी जास्त झालं. कमी पडलं तर कुकर कोरडा पडतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो. पाण्यात चिंचेचा वापरलेला चोथा किंवा लिंबाची साल टाकली की कुकर आतून काळा पडत नाही.

आता मुख्य गोष्ट. तिन्ही डब्यांना कुकर सारखीच मिनिटं देतो. तूर डाळीला जास्त वेळ लागतो आणि भोपळ्याला कमी, हे त्याला कळत नाही. ते आपण तीन गोष्टींनी सांभाळायचं : किती भिजवलं, किती पाणी घातलं, फोड केवढी केली. डाळ सर्वांत खाली, कारण तो डबा उकळत्या पाण्यात बसतो आणि लवकर तापतो. मध्ये भात, वर भाजी.

तूर डाळ एक वाटी, धुऊन अर्धा तास भिजवलेली, पाणी तीन वाट्या, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, तेलाचे चार थेंब. तेलाने फेस कमी येतो. टोमॅटो, चिंच, आमसूल यातलं काहीही या वेळी घालू नका. आंबटाने डाळ शिजायला वेळ लागतो आणि पाच शिट्ट्यांनंतरही ती कचवट राहते. बोअरच्या जड पाण्यानेही हेच होतं, कारण त्यातलं कॅल्शियम डाळीचा गर घट्ट धरून ठेवतं. तिथे पिण्याचं आरओचं पाणी वापरा, फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

मोठ्यांचा आणि सहा वर्षांच्या मुलाचा भात एकच. दीड वाटी तांदूळ. कोलम जुना असेल तर पाणी सव्वातीन वाट्या, नवीन इंद्रायणी किंवा आंबेमोहोर असेल तर अडीच ते पावणेतीन. डब्यात पाणी उडून जात नाही, त्यामुळे पातेल्यातल्या भाताचं माप इथे लावलं की भात हमखास गिच्च होतो. आणि मधल्या डब्यावर झाकण किंवा बसती ताटली हवीच. नाहीतर वरच्या डब्याच्या बुडावरून वाफेचं पाणी ठिबकतं आणि भाताचा मधला भाग पाणचट होतो. विकत मिळणाऱ्या संचात बहुतेक वेळा फक्त सगळ्यांत वरच्या डब्याला झाकण असतं. आम्ही घरातल्या दोन लहान स्टीलच्या ताटल्या वापरतो.

दोन वर्षांच्या मुलाचा गुरगुट्या भात हा खरा प्रश्न होता, कारण डबे तीन आणि पदार्थ चार. वरच्या डब्यात ३०० मिलीची एक खोलगट स्टीलची वाटी ठेवायची. तिच्यात पाव वाटी तांदूळ, एक चमचा मूग डाळ आणि एक वाटी पाणी. वाटी साधारण अर्धी-पाऊण राहते, त्यामुळे उतू जात नाही. तिच्याभोवती भाजीच्या फोडी रचायच्या. झालेला भात पळीच्या पाठीने तीन-चारदा दाबला की पुरे. मिक्सरमधून काढू नका. शीत अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबलं की मधे कणी न लागता सपाट व्हावं, तो बोटचेपा भात. दोन वर्षांच्या मुलाला चावण्यासारखं थोडं काही हवंच असतं, अगदी पेजेसारखं दिलं तर ते नुसतं गिळायची सवय लागते.

शिट्ट्या मोजण्याऐवजी घड्याळ बघा, हे आग्रहाने सांगावंसं वाटतं. शिट्टीचं वजन आतला दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरवर धरून ठेवतं, त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. अन्न शिजतं ते त्या तापमानाने आणि वेळाने. एकदा दाब आला की मोठ्या गॅसवर पाच शिट्ट्या सहा मिनिटांत होतात, बारीक गॅसवर त्यालाच वीस मिनिटं लागतात, मग ‘पाच शिट्ट्या’ याला अर्थ काय राहिला? आमचं ठरलेलं : मोठ्या गॅसवर पहिली शिट्टी, साधारण दहा मिनिटांत होते. मग गॅस बारीक आणि बारा मिनिटं. बंद केल्यावर दहा ते बारा मिनिटं वाफ आपोआप जिरू द्यायची. शिट्टी उचलून वाफ काढली तर खालच्या डब्यातली डाळ एकदम उसळते आणि भातात येते. एकूण पस्तीस मिनिटं, त्यातली शेवटची बावीस-तेवीस मोकळी. तेवढ्यात पोळ्या किंवा कोशिंबीर होते.

आता तिखटाचं. मुलं आणि मोठे एका जेवणावर का येत नाहीत, याचं कारण बहुतेक घरांत हिरवी मिरची फोडणीत पडते हेच असतं. मिरचीतला तिखटपणा पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. चिरलेली मिरची तेलात तडतडली की ती वेचून काढून काही उपयोग नसतो, तिखट तेलात उतरलेलं असतं. वरून पाणी घालून वरण पातळ केलं तरी मुलाची जीभ पोळतेच. त्यावर उतारा पाण्याचा नाही, दही, दूध किंवा तुपाचा. म्हणून मुलांचा वाटा फोडणीच्या आधीच वेगळा काढायचा.

डाळ शिजली की रवीने घोटा, मीठ घाला आणि एक तृतीयांश बाजूला काढा. ते मुलांचं गोडं वरण. वाढताना साजूक तूप, सहा वर्षांच्या मुलाला लिंबाचे दोन थेंब. उरलेल्यात दीड ते दोन वाट्या गरम पाणी. कढल्यात दीड मोठा चमचा तेल, अर्धा चमचा मोहरी, ती पूर्ण तडतडू द्यायची, मग जिरं, हिंग, कढीपत्ता, दोन उभ्या चिरलेल्या मिरच्या. ही फोडणी, दीड चमचा गोडा मसाला, तीन आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ घालून पाच मिनिटं उकळी. आमटी तयार. आमसुलं शेवटी घालायची, शिजलेल्या डाळीला आता आंबटाचा त्रास नाही. मुलांना फोडणीची ओळख व्हावी म्हणून वेगळ्या कढल्यात तुपात नुसतं जिरं-हिंग तडतडवून त्यांच्या वरणावर घालावं. तडतड आवाज आणि वास त्यांना आवडतो, आणि वाटीतलं संपतंही लवकर.

घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याचा वाटा मीठ घालण्याच्याही आधी काढा.

वरच्या डब्यात काय ठेवायचं यावर रोजच्या जेवणाची चव बदलते. आमचा कौल लाल भोपळ्याला. पाव किलो भोपळा, सालासकट, पेढ्याएवढ्या नव्हेत, चांगल्या दोन इंचांच्या फोडी. लहान केल्या की बारा मिनिटांत त्यांचा लगदा होतो आणि पाणी सुटतं. डब्यात पाणी अजिबात घालायचं नाही. शिजल्यावर साल सहज सुटते. दोन-तीन फोडी तूप आणि किंचित गूळ घालून मुलांना कुस्करून द्यायच्या. उरलेल्यांचं भरीत : भोपळा पूर्ण गार झाल्यावर अर्धी वाटी दही, दोन चमचे दाण्याचं कूट, मीठ, कोथिंबीर, वरून मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी. गरम भोपळ्यात दही घातलं तर ते फाटतं, भरिताला पाणी सुटतं. म्हणून कुकर उघडल्याबरोबर पहिला तो डबा बाहेर काढून ताटात पसरवायचा.

बटाटे अर्धे करून ठेवले तर बाराच मिनिटांत नीट होतात, अख्खे मोठे आतून कच्चे राहतात. गाजर बोटाएवढं. मटार, फरसबी, फ्लॉवर या कुकरात घालू नका, रंग आणि आकार दोन्ही जातात. मोड आलेली मटकीसुद्धा नको, तिला मोकळ्या कढईत झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं पुरतात. चवळी मात्र चार तास भिजवून खालच्या डब्यात उत्तम होते. मुलांना चमच्याने दाबून द्या. शेंगदाण्याचं नेहमी कूटच, अख्खे किंवा अर्धे दाणे पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात.

खिचडी लावायची असेल त्या दिवशी दोनच डबे. एका डब्यात मुलांची : अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूग डाळ, तीन वाट्या पाणी, हळद, मीठ, किसलेलं गाजर. दुसऱ्यात मोठ्यांची : एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूग डाळ, सव्वातीन वाट्या पाणी, तेलावर परतलेला कांदा आणि गोडा मसाला. वाढताना मोठ्यांच्या पानात लसणाच्या पाकळ्या आणि लाल तिखट घातलेली तेलाची फोडणी, सोबत भाजलेला पापड. लसूण बदामी झाला की गॅस बंद, आणि मग अर्ध्या मिनिटाने तिखट. पेटत्या गॅसवर घातलं तर तिखट जळून काळं पडतं आणि घरभर ठसका उठतो, लहान मुलं जवळ असली तर फारच त्रास होतो.

कोथिंबीर वडीसाठीही हाच कुकर लागतो, मात्र शिट्टी काढून. मोठी जुडी निवडून, धुऊन, चिरून घेतली की पीठ एकदाच भिजवायचं आणि मिरचीचं वाटण घालण्याआधी एक वाटीभर पीठ वेगळं काढायचं. दोन डब्यांना तेलाचा हात, शिट्टीशिवाय अठरा मिनिटं वाफ. सुरी खुपसून कोरडी आली की झालं. मुलांची वडी तशीच उकडलेली, बोटाएवढ्या तुकड्यांत, मोठ्यांची तव्यावर तेल सोडून दोन्हीकडून खरपूस. गरम असताना कापू नका, अर्धा तास गार होऊ दिली नाही तर वड्या तुटतात.

आता तक्रारी. डब्यांचा एकत्र उचलायचा दांडा आमच्याकडे चौथ्या महिन्यात ढिला झाला. तीन भरलेले डबे त्या दांड्याने उचलणं तेव्हापासून बंद केलं, एकेक डबा सांडशीने काढतो. लहान मुलं ओट्याजवळ येतात अशा घरात पहिल्या दिवसापासून असंच करावं. डब्यांच्या कडा दुमडलेल्या आहेत, त्या घडीत डाळीचा चिकटा अडकतो आणि घासणीने निघत नाही. जुन्या टूथब्रशने काढावा लागतो. आणि घेताना कुकरची आतली उंची आणि तोंडाचा व्यास पट्टीने मोजून घ्या. पसरट घाटाच्या पाच लिटरमध्ये तीन डबे उंचीला बसत नाहीत, झाकण आत फिरवताना वरच्या डब्याला अडतं.

रिंग सातव्या महिन्यात सैल पडली. खूण अशी की शिट्टी व्हायच्या आधीच झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत राहते, पहिल्या शिट्टीला दहाऐवजी अठरा मिनिटं लागतात आणि तळाचं पाणी संपत येतं. फ्रीजरमध्ये दहा मिनिटं ठेवली की ती आवळते, पण तो एका दिवसाचा उपाय. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे, त्याच मापाचे घ्या. कुकरवर आयएसआयची खूण आणि आयएस २३४७ हा घरगुती प्रेशर कुकरच्या भारतीय मानकाचा क्रमांक बघून घेतो, तसंच सुट्या भागांचंही बघायला हवं. रोज धुताना रिंग काढून वेगळी धुवायची, पुसून कोरडी करायची आणि झाकणात आवळून न ठेवता सुटी टांगायची, जास्त टिकते. शिट्टीची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का, हे कुकर लावायच्या आधी रोज बघतो. भाताचं एक शीतसुद्धा तिथे अडकून राहतं.

माणसं पाचाच्या वर गेली की हा संच अपुरा पडतो. पाहुणे आले तर भात वेगळ्या पातेल्यात आणि कुकरात खाली डाळ, मधे आणि वर बटाटे, एवढंच जमतं.