प्लेट की सेन्सर: रूट कॅनॉल करणाऱ्याने काय घ्यावे?

दातांच्या एक्स-रेसाठी फिल्म सोडायची हे एकदा ठरले की पीएसपी प्लेट (फॉस्फरचा थर असलेली, स्कॅनरमध्ये घालून वाचायची) घ्यावी की आरव्हीजी सेन्सर (तोंडातून थेट संगणकावर प्रतिमा देणारा), हा प्रश्न उरतो. मी काही वर्षे प्लेटांवर काम केले आणि आता बहुतांशी सेन्सरवर करतो. माझ्याकडे रूट कॅनॉलची कामे अधिक असतात. ज्यांच्याकडे लहान मुले अधिक येतात त्यांचे मत कदाचित वेगळे पडेल, हे आधीच मान्य करतो.

प्लेटची बाजू दुबळी नाही. ती फिल्मसारखी पातळ असते, तिला वायर नसते, आणि खालच्या अक्कलदाढेपर्यंत ती जितकी सहज जाते तितका सेन्सर जात नाही. सेन्सर हा कडक, जाड ठोकळा. जिभेखालची जागा उथळ असेल तर तो बसवताना रुग्णाच्या डोळ्यांत पाणी येते, उमासे येतात, आणि बाहेरच्या आवरणापेक्षा आतला संवेदनशील भाग लहान असल्यामुळे एवढे सोसूनही नेमके मुळाचे टोकच प्रतिमेबाहेर राहते. १९८७ मध्ये फ्रान्समधून पहिली आरव्हीजी आली, तेव्हापासूनची ही तक्रार अजून पुरती मिटलेली नाही. प्लेट लवचीक असली तरी ती वाकवून बसवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याने प्रतिमा ताणली जाते आणि फॉस्फरच्या थराला इजा होते.

माझा निर्णय झाला तो या थरामुळेच. पाकीट फाडताना प्लेट निसटून ट्रेमधल्या उपकरणांवर घासली की तिच्यावर ओरखडा उठतो. तेवढा फॉस्फर गेल्यामुळे स्कॅनरचा लेसर फिरताना तेथून प्रकाश निघत नाही आणि प्रतिमेत ती जागा पांढरी उमटते. पांढरे म्हणजे आपल्या डोळ्यांना धातू किंवा भरलेला मसाला. एकदा खालच्या पहिल्या दाढेचे काम चालू असताना पुढच्या मुळाच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटरची बारीक, सरळ, पांढरी रेघ दिसली, आणि फाइल (कॅनॉल घासून साफ करण्याची बारीक सुई) आत तुटली या समजुतीने मला घाम फुटला. रुग्ण रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावून आ वासून पडलेला, आणि इकडे मी व माझी सहायक एकेक फाइल पट्टीवर मोजत होतो. सगळ्या अखंड निघाल्या. दुसऱ्या प्लेटवर एक्स-रे घेतला तेव्हा ती रेघ नाहीशी झाली. प्लेटांना क्रमांक द्यावेत, ओरखडलेली प्लेट लगेच बाद करावी, हे सगळे मला ठाऊक होते. गर्दीच्या दिवशी ते झाले नाही, आणि माझ्या शंकेपायी रुग्णाला एक एक्स-रे जादा घ्यावा लागला. त्यानंतर प्रत्येक पांढऱ्या रेघेपाशी मी थबकू लागलो.

वेळेचा मुद्दा मी फारसा ताणणार नाही, कारण चांगला स्कॅनर झटपट काम करतो. फरक पडतो तो दुसऱ्या एक्स-रेला. एकावर एक दिसणारे मुळातले दोन कॅनॉल वेगळे करायचे तर एक्स-रे यंत्राची नळी आडवी सुमारे २० अंश सरकवून पुन्हा एक्स-रे घ्यावा लागतो; सेन्सर असेल तर तो तोंडात जागेवरच ठेवून फक्त नळी हलवता येते. प्लेट बाहेर काढावी लागते, उजेडात तिच्यावरची प्रतिमा फिकी पडू लागते म्हणून लगबगीने स्कॅनरमध्ये घालावी लागते, आणि दुसरी प्लेट रबर डॅम धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या अडचणीतून पुन्हा त्याच जागी बसवावी लागते. ती तशीच बसली असे छातीठोकपणे कोण सांगणार?

सेन्सरलाही खोडी आहेत. प्रतिमा लगेच दिसते म्हणून ‘अजून एक काढू’ ही सवय लागते आणि वाचलेला किरणांचा डोस तेथेच खर्ची पडतो. (प्लेटही या बाबतीत साधीभोळी नाही, डोस जास्त झाला तरी ती छानच प्रतिमा देते, त्यामुळे चूक ध्यानातच येत नाही.) शिवाय वायर सेन्सरला जोडलेली असते ती जागा नाजूक, रुग्णाने तेथे दात रोवले किंवा आपण वायरीला धरून सेन्सर ओढला, तर त्या दिवशी सगळेच काम अडते. प्लेट बिघडली तर एकच बिघडते.

तरीही रूट कॅनॉल हे रोजचे काम असेल, तर पहिली खरेदी सेन्सरची करावी असे मला वाटते. माझ्या जुन्या प्लेटा मी मोडीत काढलेल्या नाहीत. लहान मुले, अक्कलदाढ आणि ज्यांना उमासे आवरत नाहीत असे रुग्ण यांच्यासाठी सहा प्लेटा खणात आहेत, आता मात्र क्रमांक घातलेल्या.