लेझर रेंजफाइंडर: बारा वर्षांच्या मुलीसोबत नऊ महिने वापरल्यानंतर

माझी मुलगी बारा वर्षांची असून गेली तीन वर्षे पुण्यात गोल्फ खेळते आहे. मागच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही तिच्यासाठी सुमारे अठरा हजार रुपयांचा लेझर रेंजफाइंडर, म्हणजे लेझरने अंतर मोजणारे यंत्र, घेतला आणि तेव्हापासून आठवड्यातील दोन-तीन फेऱ्यांना तो तिच्या बॅगेत असतो. या काळात हिवाळ्यातील धुक्याच्या सकाळी आल्या, एप्रिल-मेचे ऊन आले आणि आता पावसाळाही सुरू झाला आहे. यंत्र चांगले आहे आणि आम्ही ते ठेवणार आहोत. तरीही पहिले तीन महिने त्याने मुलीच्या खेळाचे थोडे नुकसानच केले, असे मी म्हणेन. खरेदीपूर्वी मी जे वाचले त्यात अचूकतेबद्दल भरपूर मजकूर होता, पण लहान खेळाडूच्या हातात हे यंत्र गेल्यावर काय घडते, याबद्दल जवळपास काहीच नव्हते.

अचूकतेबद्दल माझी तक्रार नाही. यंत्र अवरक्त प्रकाशाचा स्पंद सोडते, तो फ्लॅगवर (होलमधील झेंड्याच्या काठीवर) आदळून परत येण्यास लागलेला वेळ मोजते आणि त्यावरून अंतर काढते. दीडशे यार्डांवरील फ्लॅगपर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाला एका मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळ लागतो; एका यार्डाचा फरक म्हणजे जेमतेम सहा नॅनोसेकंद. अडचण यंत्रात नसून हातात आहे. लहान मुलांचा हात हलतो आणि बारीक फ्लॅगऐवजी मागच्या झाडांचे अंतर दिसते. सुरुवातीला एकदा तिला ग्रीनमागच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीमागच्या) झाडीचा आकडा मिळाला आणि चेंडू थेट त्या झाडीतच गेला. आता ती कोपरे बरगड्यांना टेकवून दोनदा मोजते आणि दोन्ही आकडे जुळले, तरच क्लब (चेंडू मारायची काठी) निवडते.

खरे नुकसान मात्र वेगळ्या कारणाने झाले. आपले ७ नंबरचे आयर्न (मध्यम पल्ल्याचा क्लब) १२० यार्ड जाते, असे ती मानत होती, कारण तिला आठवत होता तो सर्वांत चांगला बसलेला आणि कोरड्या फेअरवेवर (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) पुढे घरंगळत गेलेला फटका. रेंजफाइंडर नव्हता तोपर्यंत या चुकीच्या समजुतीवर नजरेच्या अंदाजाचे पांघरूण होते. यंत्र आल्यावर फ्लॅगचे अंतर नेमके कळू लागले आणि स्वतःचे अंतर मात्र चुकीचेच राहिले, त्यामुळे ती पूर्ण विश्वासाने आखूड मारू लागली व ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) वारंवार अडकू लागली. जानेवारीत तिच्या प्रशिक्षकांनी यंत्र बाजूला ठेवायला सांगितले. आम्ही चार रविवार सरावात घालवून प्रत्येक क्लबने दहा-दहा चेंडू मारले आणि ते जिथे पडले तिथपर्यंतचे अंतर वहीत लिहिले. सरावाच्या मैदानावरचे झिजलेले चेंडू कमी जातात, म्हणून ती खेळते तेच चेंडू वापरले. ७ नंबरच्या आयर्नची कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जाऊन पडतो तिथपर्यंतचे अंतर, १०४ यार्ड निघाली. ही वही तयार झाल्यावरच अठरा हजार रुपये कामी येऊ लागले.

दुसरी गोष्ट मला व्यावसायिक खेळ पाहताना उमगली. तेथील कॅडींच्या (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसांच्या) यार्डेज बुकात, म्हणजे मैदानावरील अंतरांच्या वहीत, फ्लॅगचे अंतर हा अनेक आकड्यांपैकी एक असतो. ग्रीनची पुढची कड कुठे आहे आणि बंकर ओलांडायला किती कॅरी लागेल, हे त्यांना आधी हवे असते. लेझर आपण ज्यावर रोखू त्याचेच अंतर सांगतो आणि मूल तो नेहमी फ्लॅगवरच रोखते. म्हणून आम्ही क्रम ठरवून दिला: आधी डोळ्यांनी अंदाज करून आकडा बोलायचा, मग बंकरची कड मोजायची आणि शेवटी फ्लॅग. तिचा अंदाज ऑक्टोबरमध्ये वीस यार्डांनी चुकत असे, आता बहुतेक वेळा पाच-सातच्या आत असतो. माझ्या दृष्टीने या यंत्राची हीच सर्वांत मोठी कमाई आहे.

आता स्लोपविषयी, कारण पालकांनी सर्वांत काळजीपूर्वक समजून घ्यावी अशी बाब हीच आहे. उंचसखलपणाचा हिशेब करून 'खेळण्याचे' अंतर दाखवणारी ही सोय सरावात मोलाची आहे. चढावरच्या एका पार-३ (तीन फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेल्या) होलवर सरळ अंतर १२८ आणि स्लोपसह १३५ दिसते, तेव्हा चढाचा अर्थ मुलाला लगेच कळतो. मात्र गोल्फच्या नियम ४.३ नुसार फेरीत उंचीतील फरक मोजणे निषिद्ध आहे. पहिल्या भंगाला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून होणाऱ्या खेळात) दोन दंड स्ट्रोक आणि दुसऱ्याला थेट अपात्रता. मार्चमधील एका ज्युनियर स्पर्धेत आदल्या दिवशीच्या सरावानंतर स्लोपचे बटण चालूच राहिले होते. फेरीतील पहिलेच मोजमाप तिने तसेच केले, फटका मारला आणि यंत्र बॅगेत ठेवताना तिच्या लक्षात आले. तिने स्वतः मार्करला (तिचे फटके नोंदवणाऱ्याला) सांगितले, नियम अधिकाऱ्यांना बोलावले आणि दोन स्ट्रोक स्वीकारले. त्या दिवशी ती रडली, पण तिने केले ते योग्यच होते आणि मला तिचा अभिमान वाटला. बटण तपासणे हे खरे तर टी-ऑफपूर्वी (पहिल्या फटक्यापूर्वी) मी तिला शिकवायला हवे होते. आता बॅगेतील क्लब चौदाच्या आत आहेत ना, हे मोजतानाच ती बटणही पाहते.

या नियमाचा प्रवास माहीत असला, तर मुलांना तो पटवून देणे सोपे जाते. २००६ पासून स्पर्धेच्या समितीने स्थानिक नियम केला तरच अंतर मोजणारी यंत्रे चालत. स्लोपची सोय बंद ठेवली तरी ती यंत्रात असणेच २०१५ अखेरपर्यंत नियमबाह्य होते, आणि २०१६ पासून ती न वापरल्यास हरकत राहिली नाही. २०१९ च्या नियमावलीत उलट झाले: यंत्राला मुळातच परवानगी, बंदी हवी असल्यास समितीने स्थानिक नियम करायचा. म्हणून प्रत्येक स्पर्धेची अटींची पत्रिका वाचावीच लागते. मास्टर्स किंवा ओपन या मोठ्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये खेळाडू लेझर वापरताना दिसत नाहीत, म्हणून तो ज्युनियरसाठीही गैर आहे, असे काही ज्येष्ठ सदस्य मानतात. २०२१ च्या पीजीए चॅम्पियनशिप या तशाच मोठ्या स्पर्धेत मात्र त्याला परवानगी होती, आणि ती स्पर्धा पन्नास वर्षांच्या फिल मिकेलसनने जिंकली. २०२५ मध्ये पीजीए टूरनेही (अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांची मालिका) खेळाचा वेग वाढतो का, हे पाहण्यासाठी काही स्पर्धांत त्याची चाचणी घेतली. आमच्या अनुभवात वेग वाढतो, पण स्वतःची पाळी येण्याआधीच मोजून ठेवले तर.

खर्चाबाबत एक महत्त्वाची गोष्ट. दोन बिंदूंमधील अंतर ही नियमांनुसार सार्वजनिक माहिती आहे, ते सांगणे म्हणजे सल्ला देणे नव्हे. त्यामुळे जिथे यंत्राला परवानगी आहे, तिथे गटातील तीन-चार मुले एकमेकांना आकडा सांगू शकतात. आमच्या मुलीच्या गटात दोन मुलांकडे रेंजफाइंडर नाही. ती त्यांना विचारल्यावर लगेच अंतर सांगते. प्रत्येक घराने तो घ्यायलाच हवा, असे अजिबात नाही.

बाकी किरकोळ. डिसेंबरच्या धुक्यात यंत्र शंभर यार्डांपुढे गोंधळते आणि पावसात काचेवर थेंब बसले की वाचन येत नाही. तेव्हा ग्रीनपासून १५० यार्डांची खूण असलेला खांब आणि पावले हेच उपाय. सीआर२ बॅटरी नऊ महिन्यांत एकदा बदलली. चुंबकाने ट्रॉलीला चिकटवण्याची सोय खडबडीत रस्त्यावर कुचकामी ठरली, यंत्र दोनदा पडले. नवा घेणाऱ्यांनी स्लोपचे बटण बाहेरच्या बाजूला असलेलेच मॉडेल घ्यावे आणि ते बंद असल्याची खूण दुरून दिसते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. आमच्या यंत्रावरची पट्टी इतकी बारीक आहे की मी त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे.