होमब्रू की चॉकलेटी: घालताना आणि काढताना

कोल्हापूरच्या राजारामपुरीत क्लासला येणारी पोरं हल्ली विचारतात, मॅकवरचं होमब्रू बरं की विंडोजवरचं चॉकलेटी? दोन्ही म्हणजे कमांड देऊन बाकीची सॉफ्टवेअरं घालणारी टूल्स. घालायला दोन्ही सोपी, कमांडच्या खिडकीत एक ओळ चिकटवली की झालं. होमब्रूला ॲपलची कमांड लाइन टूल्स, म्हणजे प्रोग्रामरांची साधनं, लागतात. नसतील तर तेच उतरवून घेतं, म्हणून वायफाय दणकट असू द्या. चॉकलेटीसाठी पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कमांडची खिडकी, ॲडमिन म्हणून (पूर्ण अधिकारानं) उघडावं लागतं. कॉलेजच्या लॅबमध्ये नेमकं तिथंच घोडं अडतं.

खरा फरक काढताना कळतो, आणि तिथं माझं मत होमब्रूला. त्याची स्वतःची अनइन्स्टॉल स्क्रिप्ट आहे. ॲपलच्या एम-चिपच्या मॅकवर बहुतेक पसारा ऑप्टमधल्या होमब्रू फोल्डरातच असतो, तो ती आवरते. मात्र त्यातून घातलेली पायथन, नोडसारखी टूल्सही जातात, तेव्हा ब्रू लिस्ट ही कमांड देऊन येणारी यादी आधी जपून ठेवा.

चॉकलेटीचं काम हातानं. प्रोग्रामडेटामधला चॉकलेटी फोल्डर उडवायचा, विंडोजच्या सेटिंगमधलं चॉकलेटीइन्स्टॉल हे व्हेरिएबल आणि पाथमधली (विंडोज प्रोग्राम जिथं शोधतं त्या फोल्डरांच्या यादीतली) चॉकलेटीची नोंद पुसायची. एवढं करूनही व्हीएलसी, क्रोम जागेवरच राहतात, कारण ते विंडोजच्या नेहमीच्या इन्स्टॉलरनं बसलेले असतात. आणि भावांनो, पाथ पुसताना बाकीच्या नोंदींना हात लावू नका, दुसरी सॉफ्टवेअरं बंद पडतात.