अनोळखी कनेक्टर ओळखायला डिजिटल व्हर्नियर: खरीपभर वापरल्यानंतर

हजाराच्या आतला, स्टीलचा, 150 मिलिमीटरचा डिजिटल व्हर्नियर, म्हणजे वस्तू जबड्यांत धरली की माप आकड्यांत दाखवणारं हत्यार, मी पेरणीच्या सुमारास घेतला. आमचं दुकान अमळनेरला. फवारणी पंप, झटका मशीन (शेताच्या कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं), कुलर, सौर पंपाचे कंट्रोलर, जे येईल ते दुरुस्त करतो. आता कापूस वेचणी सुरू झालीय आणि एवढ्या काळात सोल्डरिंगपेक्षाही जास्त वेळा हातात आला तो हाच.

बोर्डावरचा बिघाड सापडतो. काम अडतं ते चार-दोन रुपयांच्या पांढऱ्या कनेक्टरवर, म्हणजे वायरी बोर्डाला जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडावर. गिऱ्हाईक जळका तुकडा काउंटरवर ठेवतं आणि विचारतं, "भाऊ, हाई पिन कोठे भेटी?" फोटो काढून जळगावला गोलाणी मार्केटात पाठवला तर समोरच्यालाही नक्की सांगता येत नाही, कारण फोटोत सगळे पांढरे कनेक्टर भावंडंच दिसतात. खरी ओळख पिचवर, म्हणजे शेजारच्या दोन पिनांच्या मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतरावर. जेएसटी या कंपनीच्या पीएच मालिकेत ते 2.0 मिलिमीटर, एक्सएचमध्ये 2.5, व्हीएचमध्ये 3.96. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवलेत.

श्रावणात मक्याच्या शेतातलं एक झटका मशीन आलं होतं. बॅटरीकडचा चार पिनांचा कनेक्टर, एका कोपऱ्यात प्लास्टिक तपकिरी होऊन खाली बसलेलं. आधी बॅटरी काढली, कारण स्टीलचे जबडे दोन पिनांना एकदम टेकले तर शॉर्ट ठरलेला. मग पहिल्या पिनेच्या डाव्या कडेपासून शेवटच्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत माप घेतलं: 11.87. चार पिनांत अंतरं तीन, भागून आलं 3.96. म्हणजे व्हीएच. फोनवर एवढंच सांगितलं, "व्हीएच, चार पिन, हाउसिंग आणि टर्मिनल दोन्ही." टर्मिनल, म्हणजे वायरीला लावायच्या आतल्या धातूच्या पिना, वेगळे मागावे लागतात, नाहीतर नुसता प्लास्टिकचा डबा हाती येतो. व्हीएचला जाड वायर असेल तर 10 अँपिअरपर्यंत चालतं, म्हणून वायरही तशीच घातली. ते मशीन अजून शेतात चालू आहे.

माप नेहमी असंच, पहिल्या पिनेपासून शेवटच्या पिनेपर्यंत, त्याच बाजूच्या कडांवर घ्या. एक्सएचचं 2.5 आणि मोलेक्स या दुसऱ्या कंपनीच्या केके मालिकेचं 2.54, यांतला फरक शेजारच्या दोन पिनांवर स्वस्त व्हर्नियरच्या चुकीतच बुडून जातो. दहा पिनांवर मात्र एकाचं 22.50 येतं, दुसऱ्याचं 22.86, आणि शंका राहत नाही. पिना कमी असतील तर आकार बघा: एक्सएचच्या पिनांभोवती चारी बाजूंनी भिंत असते, केकेला बहुतेक वेळा मागे एकच.

फवारणी पंपाच्या बॅटरीला तर एका सेकंदाचं काम. बॅटरीवरची धातूची पत्ती 4.75 मिलिमीटर रुंद की 6.35, एवढंच बघायचं. बारीक पत्तीवर मोठं थिंबल (पत्तीवर सरकवायची वायरीची टोपी) ढिलं बसतं, तापतं आणि भर फवारणीत पंप बंद पडतो.

चार्जरच्या गोल पिनेला मात्र हा व्हर्नियर अर्धाच कामाचा. बाहेरचा व्यास 5.5 लगेच कळतो, पण आतलं भोक 2.1 चं की 2.5 चं ते कळत नाही, कारण आतलं माप घ्यायचे वरचे जबडे आत जातच नाहीत. त्यासाठी 2.3 चं ड्रिल बिट जवळ ठेवलंय. बिटाची मागची बाजू आत गेली तर 2.5, अडली तर 2.1. 2.5 ची पिन 2.1 च्या सॉकेटात बसल्यासारखी वाटते, पण हलली की चार्जिंग तुटतं. "बॅटरी गेली" म्हणून आलेले कितीतरी पंप याच कारणाने येतात.

तक्रार एकच. बटण बंद केलं तरी आतला सेल उतरत राहतो, फक्त आकडे विझतात. एलआर44 या नेहमीच्या बटण सेलऐवजी त्याच मापाचा एसआर44 घातला, तो जास्त टिकतोय. रात्री सेल काढून ठेवला तर आणखी बरं.

सौर पंपाच्या एमसी4 कनेक्टरवर, म्हणजे पॅनलच्या वायरी जोडणाऱ्या जोडावर, माप घेऊन समाधान मानू नका. आतली पिन सगळ्यांची 4 मिलिमीटरचीच, दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसतातही, टक् आवाजही येतो. पण आतला संपर्क नीट जुळत नाही आणि काही महिन्यांनी जोड वितळतो. असा जोड आला की मी दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या घालतो, अर्धी जोडी कधीच बदलत नाही. आणि पंप चालू असताना तो जोड उघडू नका. डीसीची ठिणगी लवकर तुटत नाही, आधी कंट्रोलरचा स्विच बंद करा.